घेवरशेटची पापांची वही

तळोद्याच्या बाजारात घेवरचंद शेटशी न भांडता त्याला आमचूर विकून दाखवणाऱ्याला मी माझी जीप बक्षीस देईन, अशी पैज मी तीस वर्षं लावून होतो. जीप अजून माझ्याच दारात उभी आहे. गंजली आहे, पण आहे.

मी रेवजी. तळोदा ते धडगाव, चांदसैलीच्या घाटातून ही जीप मीच चालवायचो. कागदावर ती नऊ माणसांची. होळीच्या बाजाराला मी तीत एकतीस माणसं, चार बकऱ्या आणि एक ढोल घेऊन उतरलेलो आहे. गर्दीत ढोल वाजवायला कुणाचा हात हलेना, म्हणून तो शेवटी एका बकरीने वाजवला, आणि तालात वाजवला. ज्याला खोटं वाटतं त्याने बकरीला विचारावं.

तर घेवरशेट. तीन पायऱ्यांचं दुकान, पायऱ्यांच्या वर तराजू, तराजूशेजारी लिमलेटच्या गोळ्यांची बरणी, आणि बरणीसमोर एक बाकडं, ज्यावर मी म्हातारपण काढतो आहे. उन्हाळ्यात डोंगरातल्या बायका कैऱ्या सोलून, त्यांचे काप करून खडकावर वाळवतात. तो आमचूर. पांढरा झाला तर भाव चांगला, काळा पडला तर कमी. त्याची गाठोडी घेऊन त्या खाली येतात आणि घेवरशेटच्या पायऱ्या चढतात. मग शेट गाठोड्यातला एक काप उचलणार, दाढेखाली धरणार, डोळे मिटणार आणि निकाल देणार.

"ओला शे."

"आमचूर ओला नही शे, तुन्हा दात ओला शे," असं म्हणणारी पहिली बाई म्हणजे फुलीबाई, भाईदास पावराची बायको. ते वाक्य पुढे सगळ्या डोंगराने उचललं. मग शेट वजनातून दोन किलो कापणार, बाई गाठोडं डोक्यावर घेऊन तिन्ही पायऱ्या उतरणार, शेट तिच्या नावाने हाका मारणार, ती तोंड फिरवून उभी राहणार, शेट एक किलो परत देणार, मग आतून सायरबाई चहा पाठवणार. सायरबाई म्हणजे शेटची बायको. तिचा चहा झाला की सौदा पुरा. रोख पैसे, हातोहात. भांडणाशिवाय सौदा झाला तर दोघांनाही घरी गेल्यावर वाटायचं, आपण फसलो.

असं चालू होतं. मग जानेवारीत नोटीस आली.

पूर्वी नोटीस यायची तर पोस्टमन यायचा, त्याला पाणी द्यावं, दोन शब्द बोलावेत. ही आली मोबाईलवर. आयकराची तपासणी आहे म्हणे, पण तपासणारा कोण, कुठल्या गावचा, काही पत्ता नाही. हल्ली तपासणीला चेहरा नसतो. घेवरशेटने फोन उलटा करून मागेही पाहिलं.

"रेवजी, याला चहा कुठून पाजू?"

भानगड केली होती श्रेणिकने, त्याच्या मुलाने. मुलगा हुशार, पुण्याला नोकरी, सुटीत येऊन बापाचे हिशेब कॉम्प्युटरवर चढवून गेला. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात दोनशे चौदा बायाबापड्यांनी आमचूर आणून घातला होता. बापाची रोजमेळाची, म्हणजे रोजच्या रोख जमाखर्चाची, वही होती, पण तीत घेवरशेटने फक्त आकडे मांडलेले, कारण माणसं त्याच्या डोक्यात होती. श्रेणिकला डोक्यातली माणसं कॉम्प्युटरवर चढवता येईनात. त्याने एकच नाव टाकलं: 'पहाड खरेदी, रोख, एकतीस लाख'.

आता सरकार विचारत होतं, हा पहाड कोण? त्याचा पत्ता काय? त्याला रोख पैसे का दिले? सिद्ध करा, नाहीतर सगळी खरेदी खोटी धरून त्यावर कर, वर दंड.

मी म्हटलं, "पत्ता सोपा आहे. नर्मदेच्या अलीकडे, आपल्या उशाला. उंचीही कळवून टाका."

कुणी हसलं नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण खरं आहे. एकतीस लाखांवरचा कर आणि दंड म्हणजे दुकान, मागचं घर आणि सायरबाईच्या बांगड्या. पण शेटचं दुखणं निराळंच होतं.

"दुकान गेलं तर मी तुझ्या जीपवर क्लीनर होईन," तो म्हणाला. "पण कागदावर लिहितील, घेवरचंदची खरेदी खोटी. एक्केचाळीस वर्षं मी उन्हात गाठोडी जोखली, रेवजी. ती खोटी?"

जीपवर क्लीनरची जागा रिकामी नाही, हे मी त्या दिवशी बोललो नाही.

कुणीतरी सुरतेचा एक सल्लागार सुचवला. नवापूरवरून गाडीने आला, पांढरे बूट, दोन फोन. त्याने नोटीस वाचली आणि म्हणाला, "शेठ, काय टेन्शन घेता? दोनशे पावत्या बनवून टाकू. नाव-गाव मी घालतो, खाली अंगठे."

"अंगठे कुणाचे?"

"आपल्या ऑफिसात तीन माणसं आहेत."

मी तिथेच मोठ्याने हिशेब केला. तीन माणसांचे हाताचे सहा, पायाचे सहा. बारा अंगठ्यांत दोनशे चौदा पावत्या. सांगतात, त्या कचेरीतल्या एका शिपायाच्या अंगठ्यावरची रेघ वापरून वापरून पुसली गेली आहे आणि त्याला आता रेशनसुद्धा मिळत नाही.

घेवरशेटने त्याला हाकललं नाही. आणि खरं सांगतो, त्याचंच मला भय वाटलं. बुडणारा माणूस पांढऱ्या बुटालाही धरतो. तेवढ्यात आतला पडदा सरकला. सायरबाई चहाचा ट्रे घेऊन आली, पाहुण्यासमोर ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, खरा माल घेतला, खरे पैसे दिले, आणि आता पाहुण्यांच्या पायाचे अंगठे लावायचे? चहा घ्या हो भाई. थंड झाला की चांगला लागत नाही. आणि नवापूरची गाडी चारला आहे."

पाहुण्याने चहा उभ्यानेच घेतला.

दुसऱ्या दिवशी सायरबाईने आम्हा दोघांना आणि एका लोखंडी पेटीला जीपमध्ये घातलं. पेटीत काय आहे हे तिने शेटला सांगितलं नाही, मला तर नाहीच. "नंदुरबारला चला. वकील बघितली आहे," एवढंच.

मिरचीचे दिवस होते. नंदुरबारच्या बाहेर जिकडे तिकडे लाल पथाऱ्या वाळत पडलेल्या. त्या दिवसांत वारा फिरला की वादी आणि प्रतिवादी एकाच वेळी शिंकतात, आणि बऱ्याच खटल्यांत दोघांचं तेवढं एकच एकमत असतं. शिंकत शिंकत आम्ही कोर्टामागच्या गल्लीत एक जिना चढलो. दारावर पाटी होती: ॲड. आशा भाईदास पावरा, करविषयक सल्ला.

घेवरशेट पाटीपाशीच थांबला.

"भाईदास म्हणजे... फुलीबाईचा?"

"दुसरा कुठला?" सायरबाई म्हणाली.

"अगं, दर उन्हाळ्यात मी तिच्या आईचे दोन किलो कापतो!"

"म्हणूनच आणलं. तिला तुमची सगळी माहिती आहे. नव्याने सांगायला नको."

आशा तिशीची असेल. नजर आईची. ती उठून उभी राहिली, "शेटजी, या. काकू, पंख्याखाली नको, मिरची येते. काका, तुम्ही कुठेही बसा, तुम्हाला काही होत नाही." हे माझ्याबद्दल. लहानपणी ती माझ्या जीपच्या टपावर बसून शाळेत गेलेली आहे.

तिने नोटीस दोनदा वाचली. मग पेन्सिल ठेवून म्हणाली, "कायदा तुमच्या बाजूचा आहे, शेटजी. शेतातला, रानातला माल जो पिकवतो, जो गोळा करतो, त्याच्याकडून थेट घेतला तर रोख दिलेलं चालतं. पण तो माणूस खरा आहे आणि त्याने खरंच माल दिला, हे दाखवावं लागतं. नावं आहेत?"

"सगळी आहेत." शेटने कपाळावर बोट ठेवलं.

"ते जप्त करून कागदाला जोडता येत नाही."

"मग मेलो."

"वही आहे की," सायरबाई म्हणाली.

घेवरशेटने तिच्याकडे असं पाहिलं, जसं फुलीबाई गाठोडं उचलताना त्याच्याकडे बघते. "ती वही नाही," तो म्हणाला.

"तीच वही."

"ती सरकारची नाही. ती देवाची आहे!"

आता ही वही काय, ते सांगतो. एक्केचाळीस वर्षांत मलाही पत्ता नव्हता. या जैन लोकांची संवत्सरी असते, भाद्रपदात. त्या दिवशी वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं, त्याची हात जोडून माफी मागायची. खमत खामणा म्हणतात. बाकीची माणसं तोंडाने म्हणून मोकळी होतात. घेवरशेट पडला व्यापारी, त्याला तोंडी व्यवहार मान्य नाही. कुणी राहून जाऊ नये म्हणून तो वर्षभर रोज दुकान आवरलं की सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाआधी लिहायचा, आज कुणाला काय बोललो, कुणावर काय अन्याय केला. आणि हाताला सवय अशी की पाप लिहितानासुद्धा त्याला तारीख, गाव, माल आणि वजन लिहिल्याशिवाय चैन पडत नसे.

सायरबाईने पेटी उघडली. लाल कापडाच्या एक्केचाळीस वह्या. घाईत नेमकी कुठली हवी ते कळेना, म्हणून तिने नवऱ्याची सगळीच पापं उचलून आणली होती.

"शेटजी, मी वकील आहे," आशा म्हणाली. "अशिलाने दाखवलेलं माझ्या पोटात राहतं. आधी मी बघते. पुढचं पुढे."

शेटने वह्यांवरून एकदा हात फिरवला. मग मान वळवून खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बघ."

तिने तीन वर्षांपूर्वीची वही काढली आणि वैशाखाचं पान उघडून मोठ्याने वाचायला लागली.

"'ठगीबाई, खुंटामोडीची, आमचूर अडतीस किलो. भाव विचारला तेव्हा ऐकू न आल्याचं सोंग केलं. तीन वेळा.' 'जामसिंग, तोरणमाळकडचा, चारोळी नऊ किलो आणि आमचूर साठ. त्याच्या टोपीला हसलो.' 'जसोदाबाई, आमचूर एक्कावन्न किलो. पैसे देताना नोटा मुद्दाम सावकाश मोजल्या, तिची जीप सुटत होती.'"

"ती जीप माझी!" मी म्हटलं. "म्हणजे त्या दिवशी मी अर्धा तास थांबलो, तो तुझ्यामुळे?"

"खाली लिहिलंय, काका. 'रेवजी ताटकळला. त्याला ते चांगलंच झालं असं मनात आलं. हेही पाप.'"

मी खुर्चीवरून उठणारच होतो, सायरबाईने बसवलं.

आशा वाचत गेली आणि वाचता वाचता तिचा आवाज बदलत गेला. ती आता पापं वाचत नव्हती, तारखा वाचत होती. "शेटजी," ती म्हणाली, "हे नाव, गाव, दिवस, माल, वजन आहे. त्याच संध्याकाळी, तुमच्याच हाताने, त्याच शाईत. यापेक्षा चांगली खरेदीची नोंद मी आयुष्यात बघितली नाही. फक्त प्रत्येकीपुढे एक शिवी आहे."

"शिवी नाही. कबुली आहे."

"तेच तर पाहिजे."

मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. ती तिने मोठ्याने वाचली नाही. मी वाकून वाचली. 'फुलीबाई, भाईदासची, आमचूर बेचाळीस किलो. ओला म्हणून दोन कापले. ओला नव्हता. एक परत दिला. एक ठेवला.'

घेवरशेट टेबलाच्या पायाकडे बघत होता.

आशाने पान उलटलं. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने पेटीतली एक जुनी वही उचलली, फार जुनी, कडा खाल्लेली. चाळली. आणि हसायलाच लागली. "काकू, ऐका. 'भाईदासची लहान पोर सोबत होती. गोळी मागत होती. बरणीचं झाकण अडकलंय म्हणून सांगितलं. अडकलं नव्हतं.'" तिने वर पाहिलं. "शेटजी, मला तेव्हाच माहीत होतं. झाकण बाजूलाच पडलेलं होतं."

"तू पाच वर्षांची होतीस."

"सात. नजर उंचीवर नसते."

पण ही वही सरकारला दाखवायची म्हटल्यावर शेट पुन्हा अडला. "देवाला दाखवली. आज तुला दाखवली. आता बिनचेहऱ्याच्या माणसाला दाखवू? तो कुठल्या खोलीत बसून वाचेल आणि कुणाकुणाला दाखवेल?"

आशा उठून त्याच्यासमोर येऊन बसली. "बिनचेहऱ्याच्याला नाही दाखवायची. मी उत्तरात लिहिते की ही माणसं खरी आहेत, माणूस पाठवा आणि पडताळून पाहा. येईल त्याच्या हातात वही देऊ, तुमच्या दुकानात, तुमच्यासमोर. पण शेटजी, एक विचारू? खोटे अंगठे लावायची लाज वाटली म्हणून तुम्ही इथवर आलात. आता खरं दाखवायची लाज वाटते?"

"खऱ्याचीच जास्त वाटते, बेटा."

 मी यात पडलो नाही, कारण मला खऱ्याचा फारसा अनुभव नाही. शेवटी शेटनेच विचारलं, "फी किती?"

तिने आकडा सांगितला. शेट सवयीने म्हणाला, "जास्त शे."

"शेटजी, दात ओला शे तुमचा," आशा म्हणाली. "एक पैसा कमी नाही. आणि वर एक अट. या वहीत शेवटी लिहिलंय, 'सर्वांना दुकानाच्या पायरीवरून डोंगराकडे हात जोडून खमत खामणा.' दर वर्षी तसंच करता ना? माझ्या आईला एक्केचाळीस वर्षांत माफी पोचलेली नाही. मधे घाट आहे. यंदाच्या संवत्सरीला तुम्ही घाट चढायचा."

घेवरशेटला जीपमध्ये उलटी होते, हे सगळ्या तळोद्याला माहीत होतं. त्याने अट मान्य केली.

आशाचं डोकं पुढे कसं चाललं बघा. तिने उत्तर पाठवलं आणि पडताळणीसाठी तारीख मागितली ती होळीच्या आठवड्यातली. एरवी डोंगरातली अर्धी माणसं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत गेलेली असतात. पण होळीला माणूस जिथे असेल तिथून परत येतो. काही जण तर परत येण्यासाठीच जातात असं माझं मत आहे.

मला काम लागलं ते निरोपाचं. पाड्यापाड्यावर जाऊन सांगायचं, घेवरशेटवर संकट आहे, साक्षीला चला. फुलीबाई चुलीपुढे बसली होती. तिने विचारलं, "साक्ष म्हणजे काय बोलायचं? शेट चांगला शे असं?"

"नाही," मी म्हटलं. "वकिलीणबाईचा निरोप आहे, तुझी लेक म्हणते, जे झालं तेच सांगायचं. भांडण झालं असेल तर भांडण."

फुलीबाई चुलीतलं लाकूड पुढे सारून उठली. "भांडनच? मंग मी बठासले लई येस." म्हणजे सगळ्यांनाच घेऊन येते.

आणि आणलंच. त्या दिवशी त्या जीपने तिच्या आयुष्यातला विक्रम केला. मी आकडा सांगत नाही. एवढंच सांगतो, घाटातल्या एका वळणावर सगळ्यांनी मिळून डावीकडे झुकायचं ठरवलं आणि मला स्टिअरिंग वापरावंच लागलं नाही.

पडताळणीचे साहेब तरुण होते, बाहेरगावचे. नाकावर चष्मा, खिशात पित्ताच्या गोळ्या, बरोबर एक लिहून घेणारा. दुकानाच्या पायऱ्यांवर, ओट्यावर, रस्त्यावर रंगीत लुगडी आणि पागोटी पाहून ते दारातच थबकले. "एवढे लोक? हे कुठून आणले?"

"पहाड विचारला होता ना, साहेब," मी म्हटलं. "आणला."

आशाने माझ्या पायावर पाय दिला. मग वही साहेबांपुढे ठेवली आणि काय आहे ते थोडक्यात सांगितलं. साहेबांनी पान उघडलं. वाचलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. "हे... ठेवणाऱ्यानेच स्वतःविरुद्ध लिहिलंय?"

"हो."

"का?"

घेवरशेट पुढे आला. दोन्ही हात जोडलेले, कानाच्या पाळ्या लाल. "साहेब, दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर अजून वाईट लिहिलं असतं."

साहेब माणूस पक्का. म्हणाले, "वही नंतरही लिहिता येते. मी यातली कुठलीही ओळ काढीन. ती व्यक्ती आत येईल, एकटी. वही तिला दिसणार नाही. शेठजी, तुम्ही बाहेर."

घेवरशेट आपल्याच दुकानाच्या तिसऱ्या पायरीवर, जिथे गाठोडी उतरवतात तिथे, जाऊन बसला. मी बाकड्यावरून हललो नाही. साहेबांना मी सामान वाटलो असेन.

पहिली आली ठगीबाई. साहेबांनी विचारलं, "तीन वर्षांपूर्वी शेठला काय विकलं?"

"आमचूर. आनि तो भैरा झाला व्हता. भाव इचारा का भैरा. भाव सांगा का बरा."

साहेबांनी ओळीखाली खूण केली. मग जामसिंग. तो बसलाच नाही. टोपी काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. "हीच टोपी. यात हसण्यासारखं काय आहे ते तुम्ही सांगा." साहेबांनी टोपीकडे पाहिलं, ओठ चावले आणि खूण केली. जसोदाबाईने शेट नोटा कशा मोजत होता ते करून दाखवलं, एका नोटेला दोन वेळा थुंकी. साहेबांच्या लिहून घेणाऱ्याला हसू आवरेना, तो पाणी प्यायला गेला.

असे सतरा जण झाले. सतरा जणांची वजनं एखाद्या किलोच्या फरकाने जुळली. भांडणं तर तंतोतंत जुळली. माणूस वजन विसरेल, अपमान विसरत नाही. उलट दर एकाने वहीत नसलेलं एखादं गाऱ्हाणं वर घातलं, आणि लिहून घेणारा तेही लिहीत गेला.

शेवटी फुलीबाई. तिने जीपमधून उतरतानाच पदर खोचला होता.

"बेचाळीस किलो," ती उभ्यानेच म्हणाली. "दोन कापना. एक दिना. एक खाई गया."

"मग दर वर्षी त्यालाच का विकता?" साहेबांनी विचारलं. हे त्यांच्या कागदावर नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

फुलीबाईने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "दुसरा दहा किलो खाई जास नि सांगतभी नही. हाऊ शेट एक खाई जास नि रातभर तळमळस. त्यानं तोंड दुसऱ्या दिवशी देखा का समजस."

बाहेर पायरीवर घेवरशेटची पाठ दिसत होती. ती हलली. तो हसला की रडला ते मला सांगता येणार नाही, आणि मला सांगता येणार नाही असं फार थोडं असतं.

जायच्या वेळी साहेबांनी पित्ताची गोळी तोंडात टाकली आणि आशाला म्हणाले, "मॅडम, पक्षकाराच्या बाजूने एवढ्या तक्रारी जमवणारा वकील मी पहिल्यांदा पाहिला." सायरबाईने त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला, पण त्याचे दहा रुपये बरणीखाली ठेवून गेले. नियम म्हणे.

साहेब गेल्यावर घेवरशेट आत आला. कुणाशी काही न बोलता त्याने बरणी उचलली, झाकण काढलं आणि आशापुढे धरली. तिने एक गोळी घेतली.

"एकच?"

"तेव्हा एकच मागितली होती."

मार्चअखेरीला हुकूम आला, तोही मोबाईलवर, बिनचेहऱ्याचा. आशाने तो दुकानात येऊन वाचून दाखवला. खरेदी खरी धरली होती. दोनशे तीन जणांची. अकरा जणांची धरली नव्हती, कारण रोजमेळात पैसे दिलेले दिसत होते, पण वहीत त्यांचं नावच नव्हतं. दीड लाखाच्या आसपासची रक्कम. तेवढ्यावर कर भरायचा.

"अकरा?" घेवरशेटने तारखा पाहिल्या. दोनच दिवसांतल्या होत्या. त्याने डोक्याला हात लावला. "सायर, मी तेव्हा मौन धरलं होतं! दोन दिवस. कुणाला एक शब्द बोललो नाही. हातानेच जोखलं, हातानेच पैसे दिले. भांडणच झालं नाही!"

"म्हणजे ज्यांच्याशी चांगले वागलात, तेवढ्यांचाच कर लागला," आशा म्हणाली. "अपील करायचं का? पण आधीच सांगते, खर्च कराहून जास्त येईल."

"नको. भरतो," शेट म्हणाला. "पुन्हा मौन धरीन तर उन्हाळ्यात नाही."

तेवढ्यात त्याला काहीतरी आठवलं. तो सावकाश माझ्याकडे वळला. "रेवजी, अकरा माणसांनी न भांडता माल विकला. तुझी पैज होती ना? अकरा जीपा काढ."

मी सांगितलं, मौनातला सौदा पैजेत धरत नाहीत. आशाने वकील म्हणून माझी बाजू घेतली. फी मी अजून दिलेली नाही.

संवत्सरी आली. घाटात धुकं, डांबरावर दगड आलेले, आणि घेवरशेट माझ्या शेजारी तोंडात लिंबाची फोड धरून बसलेला. उपवास होता, म्हणून नुसती धरलेली. चाटायची सोय नाही. त्याला दोन वेळा उलटी झाल्यासारखं वाटलं. पोटात काही नसल्यामुळे नुसतंच वाटलं. मागच्या सीटवर सायरबाई, आशा आणि ती लाल वही.

त्या दिवशी तो दारोदार फिरला. ठगीबाईकडे, जसोदाबाईकडे. जामसिंगच्या टोपीला हात जोडले. लोक आधी घाबरले, मग लाजले, मग माफ करून टाकलं. वहीतल्या नावापुढे शेट एक बारीक रेघ मारत गेला. पायात चिखल, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. मी त्याला इतकं हलकं चालताना कधी पाहिलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी फुलीबाईचं घर. ती ओसरीत मक्याची कणसं सोलत होती. शेटने आधी एका किलोचे पैसे पुढे केले. तीन वर्षांपूर्वीच्या नाही, आजच्या भावाने. फुलीबाईने ते मोजले, दोन वेळा, मुद्दाम सावकाश, आणि कमरेला खोचले. मग घेवरशेट हात जोडून, वाकून उभा राहिला.

"फुलीबाई, मनाने, बोलण्याने, हाताने तुला जे दुखावलं, त्याची माफी दे."

"नही," फुलीबाई म्हणाली.

आशा गडबडून म्हणाली, "आई!"

"तू गप बस. वकील तू शेस, पन अक्कल मन्ही शे." तिने एक कणीस सोलून बाजूला ठेवलं. "बठासनी माफ करं त्याले? बठासनी? मंग परत साहेब उना ते हाऊ काय दखाडी? मी माफ करत नही. मन्हं एक किलो ऱ्हाऊ दे वहीमा. कामले येई." म्हणजे साहेब पुन्हा आला तर दाखवायला.

घेवरशेट तसाच वाकलेला. मग त्याने वही उघडली, रेघ मारायला धरलेलं पेन टोपण लावून खिशात ठेवलं, आणि ओसरीच्या कडेला, तिच्या समोर, खाली बसला.

"कणसाचा दाणा ओला शे," तो म्हणाला.

"तुन्हा दात," फुलीबाई म्हणाली आणि त्याच्याकडे एक कणीस सोलायला फेकलं.